हिस्टोनवरच्या खुणा आणि कॅन्सर: मावशींच्या रिपोर्टमधलं ‘ईझेडएच२’ म्हणजे नेमकं काय

नाशिकलाच एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आलाय. तिच्या मावशींच्या मानेतली गाठ काढली, फॉलिक्युलर लिम्फोमा (लिम्फ नोड म्हणजे लसिका ग्रंथी, त्यातल्या बी पेशी या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) निघाला, आणि नंतरच्या जीन टेस्टमध्ये ‘ईझेडएच२ वाय६४६’ असं म्युटेशन (जीनमधला बदल) आलं. तिचं म्हणणं, हिस्टोन प्रोटीनवर केमिकल बदल झाले की जीन्स चालू-बंद होतात हे पुस्तकात वाचलंय, पण ते होतं कसं आणि त्यातून कॅन्सर कसा होतो? हे बदल उलटवता येतात म्हणतात, मग आजार का उलटवता येत नाही? आणि घरात कोणीतरी हळद आणि द्राक्षबियांच्या अर्काची ‘एपिजेनेटिक’, म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जीन्स चालू-बंद करणारी, पावडर आणून दिलीये, ती मावशींना द्यायची का? शेवटी, हे आम्हा बहिणींनाही होणार का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, गाठींच्या स्लाइड बघून रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देते. आणि पावडरचं आधीच सांगून टाकते, देऊ नका. हळद वाईट असते म्हणून नाही. हिस्टोनवरची एकच खूण एका कॅन्सरमध्ये जास्त झालेली असते आणि दुसऱ्या कॅन्सरमध्ये तीच खूण पुसली गेलेली असते, त्यामुळे बिघाड कुठल्या दिशेला झालाय हे माहीत नसताना सरसकट ‘एपिजेनेटिक सुधारणा’ करायला जाण्याला काही अर्थच नाही. हे नीट पटायला हवं म्हणून खालचं सगळं.

एका पेशीतला डीएनए सरळ केला तर जवळपास दोन मीटर भरतो आणि तो बसवायचा असतो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात. तुम्ही येवल्याला पैठणीच्या मागावर रेशीम भरलेली कांडी बघितली असेल, तसा हा धागा प्रोटीनच्या गोळ्यांवर गुंडाळलेला असतो, फक्त एका गोळ्यावर जेमतेम पावणेदोन वेढे आणि मग लगेच पुढचा गोळा. एका गोळ्यात आठ हिस्टोन असतात, एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ प्रत्येकी दोन, आणि त्यावर डीएनएची १४७ अक्षरं बसतात. याला न्यूक्लिओसोम म्हणतात, रॉजर कॉर्नबर्ग यांनी ही कल्पना १९७४ मध्ये मांडली आणि १९९७ मध्ये त्याची बारीकसारीक रचना क्रिस्टलवरून दिसली. त्या रचनेत एक महत्त्वाची गोष्ट कळते, ती म्हणजे हिस्टोनच्या शेपट्या गोळ्याच्या बाहेर लोंबतात. बहुतेक सगळा खेळ या शेपट्यांवर चालतो कारण एन्झाइमला तिथे सहज पोचता येतं.

शेपटीत लायसिन नावाचं अमिनो ॲसिड भरपूर असतं. लायसिनवर धन प्रभार, डीएनएच्या फॉस्फेटवर ऋण प्रभार, दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात. लायसिनवर ॲसिटिल गट लागला की तो धन प्रभार जातो, पकड सैल होते, आणि जीन वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरायला जागा मिळते. शिवाय ब्रोमोडोमेन नावाचा भाग असलेली काही प्रोटीन्स ही ॲसिटिलची खूण ओळखून तिथे येऊन बसतात आणि आणखी मदतनीस बोलावतात. व्हिन्सेंट ऑलफ्रे यांनी ॲसिटिल आणि जीन चालू असणं यांचा संबंध १९६४ मध्येच दाखवला होता, पण हे काम करणारं एन्झाइम हातात येत नव्हतं म्हणून कितीतरी वर्षं त्याकडे फार कोणी वळलं नाही. मग १९९६ या एकाच वर्षात दोन्ही बाजू सापडल्या, डेव्हिड ॲलिस यांच्या गटाला टेट्राहायमेना या एकपेशीय जिवात ॲसिटिल लावणारं एन्झाइम आणि स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाला ॲसिटिल काढणारं. काढणाऱ्यांना एचडॅक म्हणतात, माणसात ते १८ आहेत.

मिथाइलचं प्रकरण वेगळं आहे आणि विद्यार्थी इथेच गडबडतात. मिथाइल लागल्याने लायसिनचा प्रभार जात नाही. म्हणजे ‘मिथाइल लागलं की जीन बंद’ असा सरळ नियम नाही, कुठल्या लायसिनवर लागलं, एक लागलं की दोन की तीन, आणि ते वाचायला कोण आलं यावर सगळं ठरतं. एच३ च्या शेपटीतल्या चौथ्या लायसिनवर तीन मिथाइल असतील तर तो बहुतेक वेळा चालू जीनचा दरवाजा. त्याच शेपटीच्या सत्ताविसाव्या लायसिनवर तीन मिथाइल असतील तर जीन दाबून ठेवलेला. नवव्यावर तीन असतील तर तो भाग कायमचा घट्ट गुंडाळून ठेवायचा. म्हणून पेपरमध्ये ‘एच३के२७एमई३’ दिसलं की घाबरायचं नाही, एच३ हिस्टोन, के म्हणजे लायसिन, जागा २७, तीन मिथाइल, एवढंच ते आहे. लायसिनवर मिथाइल लावणारं पहिलं हिस्टोन एन्झाइम २००० मध्ये सापडलं, आणि काढणारं पहिलं २००४ मध्ये, तोपर्यंत मिथाइल एकदा लागलं की निघतच नाही असं बऱ्याच जणांना वाटायचं.

फॉस्फेटही लागतो, युबिक्विटिन नावाचं छोटं प्रोटीनही लागतं. आमच्या कामात एच३ वरच्या दहाव्या जागेच्या सेरीन या अमिनो ॲसिडला लागलेला फॉस्फेट उपयोगी पडतो, कारण पेशी विभागताना तो लागतो, आणि मेनिंजिओमासारख्या मेंदूच्या आवरणातल्या गाठीत विभागणाऱ्या पेशी मोजायच्या असतील तर त्याचा स्टेन (ती खूण रंगवून दाखवणारी तपासणी) केला की त्या उठून दिसतात. पण तुमच्या प्रश्नाचा गाभा सत्ताविसाव्या लायसिनवर आहे म्हणून तिकडे वळते.

ईझेडएच२ हे त्या सत्ताविसाव्या लायसिनवर मिथाइल लावणारं एन्झाइम. ते एकटं काम करत नाही, पीआरसी२ नावाच्या टोळीत असतं. आता लिम्फ नोडमध्ये काय चालतं बघा. इन्फेक्शन झालं की बी पेशी नोडमधल्या जर्मिनल सेंटरमध्ये जमतात, झपाट्याने विभागतात आणि स्वतःच्या अँटिबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम बदल करून बघतात की कुठली अँटिबॉडी जास्त चांगली चिकटते. एवढ्या वेगाने विभागायचं आणि डीएनएत बदलही करायचे तर विभागणी थांबवणारे जीन्स आणि ‘आता प्लाझ्मा सेल (अँटिबॉडी बनवत राहणारी पेशी) हो’ म्हणणारे जीन्स काही काळ दाबून ठेवावे लागतात. हे दाबायचं काम ईझेडएच२ करतं. त्या दिवसांत ते भरपूर असतं, काम झालं की कमी होतं, जीन्स मोकळे होतात, पेशी पुढच्या टप्प्यावर जाते. फार सुंदर व्यवस्था आहे ही.

मावशींच्या रिपोर्टातल्या म्युटेशनने नेमका हा शेवटचा टप्पा अडवलाय. (तुम्ही पेपर शोधाल तर तिथे वाय६४१ लिहिलेलं दिसेल आणि रिपोर्टात वाय६४६, गोंधळू नका, दोन्ही एकच जागा आहे, नंबर मोजायचा संदर्भ बदलला इतकंच.) साधं ईझेडएच२ पहिलं मिथाइल पटकन लावतं पण तिसरं लावताना मंद पडतं. म्युटेशनवालं नेमकं उलट, पहिलं लावायला कच्चं पण दुसऱ्याचं तिसरं करायला तरबेज. पेशीत एक प्रत चांगली आणि एक बदललेली असते, दोघं मिळून पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत धडाधड मिथाइल लावत सुटतात, आणि जे जीन्स थोड्या दिवसांसाठी दाबायचे होते ते दाबलेलेच राहतात. बी पेशी जर्मिनल सेंटरच्याच अवस्थेत अडकते, विभागत राहते. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या साधारण चार-पाच पेशंटमागे एकाला हे म्युटेशन असतं. मात्र त्यांच्यात हे एकटं नसतं. ॲसिटिल लावणारं क्रेबबीपी निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये बिघडलेलं असतं आणि चौथ्या लायसिनवर मिथाइल लावणारं केएमटी२डी तर बहुसंख्य पेशंटमध्ये. म्हणजे ‘बंद’ लिहिणारा हात जोरात आणि ‘चालू’ लिहिणारे दोन हात लुळे, असा हा आजार आहे.

आता याच्या बरोब्बर उलटं चित्र सांगते. लहान मुलांमध्ये मेंदूच्या मधल्या भागात, पॉन्समध्ये किंवा थॅलॅमसमध्ये एक अतिशय वाईट गाठ होते, डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा. २०१२ मध्ये कळलं की यातल्या बहुतेक गाठींमध्ये बिघाड एन्झाइममध्ये नसून खुद्द हिस्टोनच्या जीनमध्ये असतो. सत्ताविसाव्या जागी लायसिनऐवजी मेथिओनीन हे दुसरं अमिनो ॲसिड येतं, त्याला के२७एम म्हणतात. माणसात एच३ चे बरेच जीन्स आहेत, त्यातल्या एका प्रतीत बदल, बिघडलेलं प्रोटीन एकूण एच३ च्या ३ ते १७ टक्के, आणि तरीही पेशीभरातली सत्ताविसाव्या जागेची मिथाइल खूण बहुतेक जागांवरून उडते, कारण हे वेडंवाकडं हिस्टोन पीआरसी२ ला अडवून धरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात ही गाठ के२७एम या नावानिशी आली, आणि २०२१ मध्ये नाव थोडं बदलून ‘एच३ के२७-अल्टर्ड’ झालं.

स्लाइडवर हे अगदी डोळ्यांना दिसतं. अशा गाठीची बायोप्सी म्हणजे सुतासारखे दोन-तीन तुकडे, त्यातून कापलेल्या शेजारशेजारच्या दोन चकत्या घ्यायच्या. एकीवर के२७एम ची अँटिबॉडी लावायची, तिथे गाठीच्या पेशींची केंद्रकं तपकिरी होतात. दुसरीवर एच३के२७एमई३ ची लावायची, तिथे त्याच पेशींची केंद्रकं फिकी निळी राहतात, म्हणजे खूण गेली. पण माझी नजर आधी गाठीच्या पेशींवर जात नाही, ती जाते मधून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडे. त्या पेशी निरोगी असतात, त्यांची केंद्रकं तपकिरी असायलाच हवीत. ती तपकिरी आणि आजूबाजूच्या निळ्या, तरच ‘खूण गेली’ असं लिहायचं. रक्तवाहिन्याही निळ्या असतील तर स्टेन लागलाच नाही असं समजायचं आणि परत करायचा. बऱ्याचदा तुकडा फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये टाकून पाठवलेला असतो, किंवा फॉर्मॅलिन इतकं कमी असतं की तुकडा नीट मुरतच नाही, आणि मग हे होतं. कुठलाही मार्कर ‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी हे बघणं फार गरजेचं आहे, पुढची सगळी ट्रीटमेंट त्या एका शब्दावर ठरते.

तर बघा, एका गाठीत सत्ताविसाव्या जागेची खूण वाढली म्हणून आजार, दुसऱ्या गाठीत तीच खूण गेली म्हणून आजार. नसांच्या आवरणातून होणाऱ्या एका सार्कोमातही (सार्कोमा म्हणजे मऊ ऊतींचा किंवा हाडांचा कॅन्सर) ती जाते आणि निदानासाठी आम्ही तोच स्टेन वापरतो. टी पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या ल्युकेमियात आणि एमडीएस या अस्थिमज्जेच्या आजारात तर ईझेडएच२ निकामी करणारी म्युटेशन्स सापडतात. ईझेडएच२ अडवणारं टॅझेमेटोस्टॅट नावाचं औषध निघालं, अमेरिकेत २०२० मध्ये आधी एपिथेलिऑइड सार्कोमासाठी आणि मग काही फॉलिक्युलर लिम्फोमाच्या पेशंटसाठी त्याला मंजुरी मिळाली, आणि त्याच्या लेबलवरच इशारा होता की यातून टी पेशींचा लिम्फोमा, एमडीएस किंवा ल्युकेमिया असे दुसरे कॅन्सर होऊ शकतात. एका ऊतीत जो जोर कमी करणं उपचार आहे, तोच जोर दुसऱ्या ऊतीत कमी झाला तर धोका. याहून स्पष्ट पुरावा मी देऊ शकत नाही.

मग उलटवता येतं म्हणतात ते खरं का? हो, खरं आहे, आणि औषधं त्याच जोरावर निघाली. एचडॅक अडवणाऱ्या व्होरिनोस्टॅटची गोष्ट मला आवडते. १९७१ मध्ये शार्लट फ्रेंड यांना दिसलं की डीएमएसओ हे साधं सॉल्व्हंट घातलं की उंदराच्या ल्युकेमियाच्या पेशी विभागणं सोडून हिमोग्लोबिन बनवायला लागतात. पॉल मार्क्स आणि रोनाल्ड ब्रेस्लो यांनी त्या धाग्याला धरून रेणू सुधारत नेला, तो एचडॅकवर बसतो हे बरंच नंतर कळलं, आणि २००६ मध्ये त्वचेच्या टी सेल लिम्फोमासाठी औषध मंजूर झालं. पस्तीस वर्षं. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये या गटाची औषधं कामाला येतात पण घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये एकट्याने दिली तर फारसं हाती लागत नाही, आणि प्लेटलेट कमी होणं, थकवा, ईसीजीत बदल हे सोसावं लागतं.

मग आजार बरा का होत नाही, याचं कारण असं की खूण पुसता येते पण ती लिहिणाऱ्या एन्झाइमच्या जीनमधलं म्युटेशन जागेवरच राहतं. औषध थांबलं की बिघडलेलं एन्झाइम परत लिहायला लागतं. शिवाय मावशींच्या पेशीत ईझेडएच२ सोबत बाकीचेही बिघाड असणार, एक दुरुस्त करून सगळं जाग्यावर येत नाही. टॅझेमेटोस्टॅटच्या चाचणीत, आधी इतर औषधं होऊनही आजार परत आलेल्या पेशंटमध्ये, ईझेडएच२ म्युटेशन असलेल्या ६९ टक्क्यांत गाठी आटोक्यात आल्या आणि म्युटेशन नसलेल्या ३५ टक्क्यांत. म्हणजे म्युटेशनला अर्थ आहे. पण हे औषध पहिल्या फटक्यात देण्याचं नव्हतं, आणि फॉलिक्युलर लिम्फोमा हा बऱ्याचदा इतका संथ असतो की काही पेशंटना सुरुवातीला नुसतं नजरेखाली ठेवतात. ते मावशींच्या हिमॅटो-ऑन्कोलॉजिस्टनीच, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता पावडर. यात तथ्याचा एक कण आहे म्हणूनच ती विकली जाते, तो कण कुठला ते सांगते. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या संशोधकांनी २००३-०४ च्या सुमारास दाखवलं की काजूच्या टरफलातलं ॲनाकार्डिक ॲसिड, कोकमातलं गार्सिनॉल आणि हळदीतलं कर्क्युमिन ॲसिटिल लावणाऱ्या पी३००सारख्या एन्झाइमना अडवतात. आपल्या मातीतलं उत्तम काम आहे ते, मी मनापासून कौतुक करते. पण ते काम परीक्षानळीतलं आणि पेशींवरचं आहे. हळद पोटातून रक्तात फारच थोडी जाते आणि जाते तीही लिव्हर लगेच बदलून टाकतं. आणि दिशा बघा ना, मावशींच्या आजारात ॲसिटिल लावणारं क्रेबबीपी आधीच बिघडलेलं असण्याची शक्यता जास्त, कर्क्युमिन अडवतं तेही त्याच जोडीतलं एन्झाइम, मग कागदावरसुद्धा ही पावडर कुठे नेणार हे विकणाऱ्याने सांगावं. द्राक्षबियांचंही तसंच. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांमुळे आपल्याकडे रेझव्हेराट्रॉल या द्राक्षातल्या (बियांपेक्षा सालीत जास्त असणाऱ्या) रसायनाचं नाव घरोघरी पोचलंय. ते सर्टुइन एन्झाइमला चालना देतं असं २००३ मध्ये आलं, नंतर त्या प्रयोगातल्या चमकणाऱ्या रसायनामुळेच तसं दिसलं असावं असा वाद झाला. समजा चालना देतंही, तरी सर्टुइन करतात काय, ॲसिटिल काढतात, एच४ च्या सोळाव्या लायसिनवरचंसुद्धा. आणि २००५ पासून माहीत आहे की ती सोळाव्याची ॲसिटिल खूण बऱ्याच कॅन्सर पेशींमध्ये आधीच गेलेली असते.

भाजी-आमटीतली हळद, कोकमाचं सार, सीझनला द्राक्षं, सगळं खाऊ द्या मावशींना. कॅप्सूल आणि घट्ट अर्क नकोत, विशेषतः मिऱ्याचं सत्त्व घातलेली हळदीची कॅप्सूल, त्यातून लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदले गेलेत आणि ट्रीटमेंट चालू असताना लिव्हर बिघडलं तर डोस थांबवावे लागतात.

खाण्यातली एकच गोष्ट मला हिस्टोनच्या अंगाने खरोखर पटते ती म्हणजे चोथा. आपण नागली-बाजरीची भाकरी, डाळी, भाज्या खातो तेव्हा मोठ्या आतड्यातले जंतू त्या चोथ्यापासून ब्युटिरेट बनवतात, आणि ब्युटिरेट एचडॅक अडवतं हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. आतड्याची निरोगी पेशी ब्युटिरेट इंधन म्हणून जाळते. कॅन्सर पेशी साखरेवर जगते, तिच्यात ब्युटिरेट न जळता साठतं, एचडॅक अडतात, तिची वाढ मंदावते. पेठ-सुरगाण्याची नागली घरात असताना लोक महागडे डबे आणतात याचं मला वाईट वाटतं. पण हे आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी ठेवण्याबद्दल आहे. लिम्फोमावरचा इलाज म्हणून नागली सांगणार नाही, कोणी सांगितलं तर ऐकू नका.

तुम्हा बहिणींना होणार का: हे म्युटेशन मावशींच्या लिम्फोमाच्या पेशीत नंतर घडलेलं असतं, जन्मापासून सगळ्या शरीरात नसतं, त्यामुळे ते रक्ताच्या नात्याने तुमच्याकडे येत नाही. या एका रिपोर्टवरून तुमची कोणाचीही जीन टेस्ट करायची गरज नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा एवढं विचारा: आता ट्रीटमेंट सुरू करायची की नजरेखाली ठेवायचं, आजार परत आला तर पुन्हा बायोप्सी करणार का, आणि तेव्हा या म्युटेशनचा उपयोग होईल का. पुन्हा बायोप्सीचं मुद्दाम म्हणते कारण हा लिम्फोमा कधीकधी वेगाने वाढणाऱ्या प्रकारात बदलतो. आणि ज्या लॅबमध्ये गाठ तपासली तिथून मावशींचे पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेले गाठीचे तुकडे) कुठे आहेत ते आजच लिहून घ्या. दुसऱ्या मतासाठी मुंबईला न्यायचे झाले तर नंबर जुळवून, पावतीवर सही करून न्या, रिपोर्टची कॉपी सोबत ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत काचेपाशी ठेवू नका, मेण मऊ होतं आणि ब्लॉक बिघडतो. काम झालं की ब्लॉक लॅबला परत करा, पुढे कधी नवीन टेस्ट करायची वेळ आली तर तोच तुकडा लागणार आहे.